मलम विकणारा आणि तीन मारिया : मध्ययुगीन युरोपातलं धार्मिक नाटक आणि फिरते कलाकार

जुनी_पेटी (धागाकर्ती)

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात एक साधी ओळ आहे. शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) उलटल्यावर तीन स्त्रियांनी, परंपरेत त्यांना 'तीन मारिया' म्हणतात, येशूच्या देहाला लावायला सुगंधी द्रव्यं विकत घेतली आणि भल्या पहाटे त्या कबरीकडे निघाल्या. कुणाकडून घेतली, त्याने भाव किती सांगितला, यातलं काहीच शुभवर्तमान सांगत नाही. मध्ययुगीन युरोपातल्या नाटकाबद्दल बरीच वर्षं मिळेल ते वाचते आहे, आणि हे नाटक वाढलं कसं असं कुणी विचारलं की मला आधी हा दुकानदार आठवतो. धागा त्याच्याबद्दलच आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

दहाव्या शतकात ईस्टरच्या उपासनेत एक छोटा गायलेला लॅटिन संवाद रूढ होता. देवदूत विचारतो, 'कबरीत कुणाला शोधता?' स्त्रिया म्हणतात, 'क्रुसावर दिलेल्या नाझरेथच्या येशूला.' उत्तर येतं, 'तो इथे नाही, सांगितल्याप्रमाणे उठला आहे.' इंग्लंडमध्ये ९७०च्या सुमारास विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांच्या पुढाकाराने मठांसाठी एक नियमावली तयार झाली. हा संवाद कसा सादर करायचा हे तिच्यात सविस्तर लिहिलेलं आहे. पाठ वाचला जात असताना एका मठवाशाने पांढरा झगा घालून, जणू दुसऱ्याच कामासाठी आल्यासारखं आत यायचं, कुणाच्या डोळ्यांवर न येता कबरीच्या जागी जायचं आणि हातात ताडाची फांदी धरून गप्प बसायचं. मग तिघांनी धूपदानं घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखं, पाऊल पाऊल पुढे यायचं. संवाद झाला की कबरीतलं रिकामं कापड सगळ्यांना दाखवायचं, स्तोत्र सुरू होतं, आणि सगळ्या घंटा एकदम वाजतात.

'काहीतरी शोधत असल्यासारखं' ही सूचना मला फार मोलाची वाटते. गायचं काय हे उपासनेच्या पुस्तकात असतंच. चालायचं कसं हे सांगायची गरज पडली, म्हणजे बघणाऱ्याचा विचार सुरू झाला होता. ते तिघे पुरुष आहेत, मठवासी आहेत, आणि तेवढ्या वेळापुरत्या त्या तीन मारिया आहेत.

आता दुकानदार. कॅटलोनियातल्या व्हिक इथे एक हस्तलिखित आहे, साधारण ११०० सालच्या आसपासचं. त्यात तीन मारिया कबरीकडे जाण्याआधी एका व्यापाऱ्यापाशी थांबतात. तो सांगतो, हे मलम हवं असेल तर एक टॅलंट (जुनं वजन) सोनं पडेल. बायबलमध्ये नसलेला हा माणूस चर्चच्या आत, लॅटिनमध्ये, सुरात गात उभा राहतो. पुढच्या दोनशे वर्षांत त्याने केवढं अंग धरलं ते पाहा. चौदाव्या शतकातल्या जुन्या चेक भाषेतल्या नाटकाचे 'मास्तिचकार्श' (मलमवाला) या नावाने ओळखले जाणारे तुकडे टिकले आहेत. त्यात तो जत्रेतला वैदू झालेला आहे. रूबिन नावाचा वाचाळ नोकर त्याच्या औषधांची ओरडून जाहिरात करतो. एक बाप आपल्या मेलेल्या मुलाला घेऊन येतो आणि वैदू अत्यंत ओंगळ उपाय करून त्या मुलाला उठवून बसवतो. या सगळ्या गोंगाटात तीन मारिया लॅटिन विलाप गात येतात. त्यांचं दुःख पाहून वैदू भाव उतरवतो, तर बायको त्याच्यावर तुटून पडते. जर्मन ईस्टर नाटकांतही हेच कुटुंब भेटतं, थोड्याफार फरकाने.

खऱ्या पुनरुत्थानाच्या काही मिनिटं आधी लोक एक खोटं पुनरुत्थान बघून पोट धरून हसतात आणि लगेच त्याच जागी खरी रिकामी कबर बघतात. याला श्रद्धेचा ऱ्हास म्हणणारे अभ्यासक होऊन गेले. मला ते पटत नाही. ज्या लोकांनी आयुष्यभर बाजारात असले वैदू पाहिले होते, त्यांना रिकामी कबर स्वतःच्या गावात आणून दाखवायची हीच वाट होती.

आणि हा वैदू आला कुठून? तो रस्त्यावरून आला. औषधं विकताना उड्या मारणारे, नकला करणारे, गाणी म्हणणारे लोक प्रत्येक जत्रेत होतेच. रोमन रंगभूमी मोडल्यानंतर शेकडो वर्षं युरोपात लेखी नाटक जवळपास नव्हतं, पण करमणूक करणारे होते: गायक, वादक, कसरतपटू, अस्वलवाले, बहुरूपी. चर्चच्या कागदपत्रांत ते सतत भेटतात, बहुतेक वेळा शिव्या खाताना. कायद्यातही त्यांना पत नव्हती. १२२० ते १२३५च्या दरम्यान आइके फॉन रेपगो याने सॅक्सनीचे रूढ कायदे लिहून काढले. कुणाला इजा झाली तर भरपाई किती, याचं माणसाच्या दर्जाप्रमाणे कोष्टक त्यात आहे. फिरत्या वादक-कलावंतांसाठी ठरलेली भरपाई आहे 'एका माणसाची सावली'. म्हणजे मारणाऱ्याची सावली दाखवायची, आणि तेवढ्यावर समाधान मानायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला, आणि अजून येतो.

चर्चमध्येच दुसरा सूरही होता. १२१६च्या सुमारास इंग्लंडमधल्या थॉमस ऑफ चोबम याने पाद्र्यांसाठी पापकबुलीचं मार्गदर्शक लिहिलं. त्यात तो कलाकारांची वर्गवारी करतो. अंग वेडंवाकडं करणारे, मुखवटे घालणारे, दरबारी चहाड्या सांगणारे आणि दारूच्या गुत्त्यात गाणारे सगळे त्याज्य. मात्र वाद्य घेऊन राजांचे पराक्रम आणि संतांची चरित्रं गाणारे, लोकांना दिलासा देणारे चालतील. दार एवढंसंच उघडलं, पण उघडलं.

उत्तर फ्रान्समधलं आरास हे कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव तर कितीतरी पुढे गेलं. तिथली आख्यायिका अशी: ११०५ साली गावात अंगाची आग होणारा रोग पसरला होता. वैर असलेल्या दोन गायकांना माता मारियेने दर्शन दिलं, आपसात समेट करायला लावला आणि एक मेणबत्ती दिली. तिचं मेण पाण्यात पाडून ते पाणी दिल्यावर रोगी बरे झाले. या मेणबत्तीभोवती गायक-कलावंत आणि गावचे प्रतिष्ठित नागरिक यांचा एकत्र संघ उभा राहिला. त्याची मृत सभासदांची वही आजही आहे, आणि व्यापाऱ्यांच्या बरोबरीने तिच्यात गाणाऱ्यांची नावं आहेत. एकीकडे भरपाई म्हणून सावली, दुसरीकडे देवीने निवडलेले दोन गवई, आणि काळ साधारण तोच!

याच आरासचा कवी जाँ बोदेल. १२००च्या सुमारास त्याने संत निकोलसचं नाटक लिहिलं. एका विधर्मी राजाचा खजिना संताच्या मूर्तीच्या भरवशावर उघडा ठेवला जातो, चोर तो पळवतात, संत त्यांना परत करायला लावतो. पण नाटकाचा मोठा भाग चालतो गुत्त्यात: फासे, उधारी, दारूची जाहिरात, चोरांची भांडणं. गुत्ता उघडउघड आरासमधला आहे. बोदेलला पुढे कुष्ठरोग झाला आणि १२०२च्या सुमारास त्याने गावातल्या मित्रांचा एकेक करून निरोप घेणारी कविता लिहून रुग्णाश्रमाची वाट धरली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. पाठ्यपुस्तकात एक सरळ रेघ असते: नाटक वेदीपाशी जन्मलं, मग चर्चच्या दारात आलं, मग चौकात, आणि हळूहळू धर्म सुटून ते लौकिक झालं. तारखा या रेघेत बसत नाहीत. बाराव्या शतकाच्या मध्यावर अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमध्ये आदमचं नाटक लिहिलं गेलं. त्यातल्या लॅटिन सूचना वाचा. आदमला लाल अंगरखा, हव्वेला पांढरा पोशाख. नंदनवन उंचावर, फुलांनी आणि रेशमी पडद्यांनी वेढलेलं. आदमने उत्तर देताना घाई करू नये आणि रेंगाळूही नये. कवितेतलं एक अक्षर वाढवू नये की गाळू नये. सैतानांनी लोकांमधून धावत सुटावं. नरकातून धूर यावा आणि आत कढया-पातेली आपटावीत. हे पूर्ण विकसित नाटक आहे, आणि त्यानंतरही तीन-चारशे वर्षं युरोपभर असंख्य चर्चमध्ये तीन मारियांचा तो चार ओळींचा संवाद तसाच गायला जात होता. एकातून दुसरं 'वाढलं' असतं तर पहिलं मागे कसं राहिलं? माझ्या मते दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते, उपासनेचा आणि रस्त्याचा, आणि मलमवाल्यासारख्या जागी ते एकमेकांत मिसळत होते.

पडद्याआड

फार आवडलं. मी हौशी नाटकांत नेपथ्य सांभाळतो, त्यामुळे माझं कुतूहल वेगळं आहे. इंग्लंडमध्ये चाकांच्या गाड्यांवर नाटकं व्हायची असं ऐकलंय. ते कोण करायचं, खर्च कुणाचा, आणि यंत्रं काय होती? जमलं तर सांगा.

जुनी_पेटी

@पडद्याआड, यॉर्कबद्दल सांगते, कारण तिथले कागद भरपूर टिकले आहेत.

१२६४ मध्ये पोप अर्बन चौथे यांनी कॉर्पस क्रिस्तीचा, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीचा, सण जाहीर केला, पण तो सर्वत्र रुजला १३१७ नंतर. सण उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, दिवस मोठा असतो, आणि पवित्र भाकरीची मिरवणूक गावभर निघते. यॉर्कमध्ये याच दिवशी नाटकं होऊ लागली. १३७६च्या एका नोंदीत नाटकाच्या गाड्या ठेवायच्या जागेचं भाडं आहे, म्हणजे तेव्हा गाड्या होत्याच. सृष्टीच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा सुमारे पन्नास छोट्या नाटकांत कापलेली, आणि प्रत्येक नाटक एकेका कारागीर संघाकडे. नोहाची नौका बांधायचं नाटक जहाज बांधणाऱ्यांकडे, महापूर मासेमार आणि खलाशांकडे, शेवटचं भोजन भटारखानेवाल्यांकडे, पूर्वेकडच्या राजांचं सोनं सोनारांकडे. क्रुसावर खिळे ठोकायचं नाटक खिळे आणि टाचण्या बनवणाऱ्यांकडे. खर्च संघाचा, वर्गणीतून आणि दंडातून.

१४१५च्या फर्मानाप्रमाणे नटांनी पहाटे चार ते पाचच्या दरम्यान तयार असायचं. गाडी ठरलेल्या थांब्यावर थांबणार, नाटक होणार, गाडी पुढच्या थांब्यावर, मागून दुसरी गाडी. थांबे साधारण बारा. म्हणजे एका नटाने एकच भूमिका दिवसभरात बारा वेळा करायची. येशू एक नव्हता. वेगवेगळ्या गाड्यांवर मिळून वीसच्या वर होते. १४१७ मध्ये नगरपालिकेने ठरवलं की जो जास्त पैसे देईल त्याच्या दारासमोर थांबा. १४७६ मध्ये दर्जा तपासायला चार जाणत्या नटांची समिती नेमली आणि एका नटाने दिवसात दोनपेक्षा जास्त भूमिका घेऊ नयेत असा नियम केला.

यंत्रं म्हणाल तर कापड व्यापाऱ्यांच्या संघाची १४३३ची सामानयादी वाचायलाच हवी. त्यांच्याकडे अंतिम न्याय होता. चार चाकांची गाडी, नरकाचा जबडा, तीन सैतानांचे पोशाख आणि सहा चेहऱ्यांचे तीन मुखवटे (म्हणजे पुढे एक, मागे एक), देवदूतांचे पंख, देवाला स्वर्गात वर ओढून घ्यायला लोखंडी बैठक, आणि स्वर्गात गोल धावणारे लाल रंगवलेले नऊ छोटे देवदूत. ते पळवायला एक लांब बारीक दोरी आहे, तीही यादीत लिहिलेली आहे.

कॉव्हेंट्रीच्या संघांचे हिशेब तर आणखी बोलके. येशूला दगा देणाऱ्या जुडासला फाशी देण्याचे चार पेन्स, कोंबड्यासारखं आरवण्याचे चार पेन्स, जग पेटवून देण्याचे पाच पेन्स.

पडद्याआड

ती बारीक दोरी यादीत आहे हे वाचून आनंद झाला. आमच्याकडेही सुतळीच्या गुंड्यापर्यंत सगळं वहीत लिहावं लागतं, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी नेमकं तेच सापडत नाही.

अपघात व्हायचे का?

जुनी_पेटी

व्हायचे, आणि गंभीर. फ्रान्समध्ये गाड्यांऐवजी मोठे एकसंध मंच असत आणि प्रयोग कित्येक दिवस चालत. १४३७ मध्ये मेत्स इथल्या पॅशन नाटकात (येशूच्या छळाचं आणि मृत्यूचं नाटक) येशूची भूमिका करणारा धर्मगुरू क्रुसावरच बेशुद्ध पडला, मरता मरता वाचला. त्या दिवसापुरता क्रुसासाठी दुसरा धर्मगुरू उभा केला. त्याच प्रयोगात जुडास झालेला धर्मगुरू फासावर जास्त वेळ लटकला, त्याला घाईघाईने खाली उतरवून व्हिनेगर चोळावं लागलं. त्याच मेत्सच्या नरकाचा जबडा उघडमीट करायचा, त्याचं तिथल्या इतिवृत्तात कौतुक आहे.

यॉर्कशायरकर

मी इथे नोकरीनिमित्त राहतो. २०१८ मध्ये यॉर्कमध्ये गाड्यांवरचे प्रयोग झाले तेव्हा मुद्दाम गेलो होतो. एक गोष्ट वाचून कळत नाही ती सांगतो. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, त्यामुळे आवाज भिंतींना लागून परत येतो आणि नट अगदी हाताच्या अंतरावर असतो. क्रुसाचं नाटक मी नंतर मूळ मध्ययुगीन इंग्रजीत वाचलं. तीनशे ओळींचं आहे. चार शिपाई क्रुसावर येशूला ठोकत असतात आणि सगळा वेळ कामाबद्दल बोलत असतात. भोक चुकीच्या जागी पडलंय, हात पोचत नाही, दोरी बांधून ओढा. क्रूस उभा करताना खांदे दुखतात म्हणून कुरकुर. मग खड्ड्यात तो हलतो म्हणून पाचरी ठोका. येशू फक्त दोनदा बोलतो. त्यातल्या एका वेळी तो रस्त्यातून जाणाऱ्या सगळ्यांना थांबून बघायला सांगतो, आणि रस्त्यात तर आपणच उभे असतो.

मला ते वाचताना घशात आवंढा आला. मी धार्मिक माणूस नाही.

जुनी_पेटी

@यॉर्कशायरकर, तुमचे मनापासून आभार. ज्यांचा रोजचा धंदा खिळ्यांचा त्यांच्याच तोंडी ही वाक्यं होती हे लक्षात घेतलं की तो लेखक केवढा मोठा होता ते कळतं. त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. अभ्यासक त्याला 'यॉर्कचा वास्तववादी' म्हणतात.

तर्कटी

लेखाचा पहिला भाग पटला, पण एका शंकेचं समाधान झालेलं नाही. यॉर्क, कॉव्हेंट्री, मेत्स इथे करणारे स्थानिक कारागीर किंवा धर्मगुरू आहेत. मग फिरत्या व्यावसायिक कलाकारांचा धार्मिक नाटकात प्रत्यक्ष हात होता, याला पुरावा काय? बाजारातल्या वैदूची नक्कल गावकरी नटही करू शकतो.

जुनी_पेटी

@तर्कटी, प्रश्न रास्त आहे. मलमवाल्याच्या बाबतीत मी म्हणते ते एवढंच की रस्त्यावरच्या कलाकारांची रीत नाटकात आली. भूमिका कोणी केली हा वेगळा मुद्दा. फिरतीचा पुरावा इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकापासून नीट मिळतो.

एका नाट्यचक्राची, म्हणजे यॉर्कसारख्या छोट्या नाटकांच्या माळेची, दवंडी टिकली आहे. ध्वजधारी येऊन सांगतात, येत्या रविवारी सकाळी सहाच्या टोल्याला 'एन' गावात खेळ सुरू होईल. 'एन'च्या जागी ज्या गावात असाल त्या गावाचं नाव घालायचं. क्रॉक्स्टनच्या एका नाटकाच्या हस्तलिखितात भूमिकांच्या यादीपाशी लिहिलं आहे की नऊ जण हे सहज करू शकतील. स्वतःच्या गावात एकदाच करायचं असतं तर असा हिशेब कशाला?

आणि सर्वांत ठसठशीत पुरावा 'मॅनकाइंड' या नाटकात आहे, १४६५ ते १४७०च्या सुमाराचं. नायक म्हणजे सामान्य माणूस, शेत नांगरणारा. करुणा त्याला सांभाळू बघते, टवाळखोर दुर्गुण त्याला बिघडवतात. मध्येच हे दुर्गुण खेळ थांबवतात आणि सांगतात की टिटिव्हिलस नावाचा मोठ्या डोक्याचा सैतान आता येणार आहे, पण पैसे जमल्याशिवाय येणार नाही. मग ते प्रेक्षकांतून पैसे गोळा करत फिरतात. पैसे मागायची ती जागा संहितेतच लिहिलेली आहे. सैतान बघायचा असेल तर खिशात हात घाला. म्हणजे मोक्षाबद्दलचं नाटक करून त्यावर पोट भरणारी मंडळी होती.

तर्कटी

'मॅनकाइंड'चं उदाहरण मान्य. चौदाव्या शतकाआधीच्या फिरत्यांबद्दल मात्र मी अजून सावधच राहीन.

निळी_शाई

या सगळ्यात स्त्रिया कुठे होत्या? मारियांच्या भूमिकाही पुरुषच करत असतील तर वाईट वाटतं.

जुनी_पेटी

@निळी_शाई, होत्या, आणि त्यांच्याबद्दल खरं तर वेगळा धागा काढायला हवा.

सॅक्सनीतल्या गांडर्सहाइम मठातल्या ह्रोत्स्विटने दहाव्या शतकात, म्हणजे विंचेस्टरच्या नियमावलीच्याच काळात, लॅटिनमध्ये सहा नाटकं लिहिली. रोमन नाटककार टेरेन्सची शैली घेतली आणि नायिका मात्र निग्रही ख्रिस्ती स्त्रिया केल्या. बिंगेनच्या हिल्डेगार्डने ११५१च्या सुमारास सद्गुण आणि आत्मा यांचं संगीत नाटक रचलं. सगळे सद्गुण गातात, सैतान फक्त ओरडतो. त्याला संगीत दिलेलंच नाही.

लंडनजवळच्या बार्किंग मठात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथरीन ऑफ सटन मठाधिपती होत्या. लोकांची भक्ती थंडावते आहे असं वाटून त्यांनी ईस्टरच्या विधीची नवी मांडणी केली. मठवासिनी एका छोट्या प्रार्थनाघरात दार लावून बसतात. त्या म्हणजे पाताळात अडकलेले पूर्वजांचे आत्मे. बाहेरून धर्मगुरू दारं उघडा म्हणत तीनदा ठोठावतो, दार उघडतं, आणि सगळ्या हातात ताडाच्या फांद्या आणि मेणबत्त्या घेऊन गात बाहेर पडतात. इथे मारियाही मठवासिनीच झाल्या.

१४६८ मध्ये मेत्सला सिएनाच्या संत कॅथरीनची भूमिका एका काच कारागिराच्या तरुण मुलीने केली. सुमारे २३०० ओळी तिने पाठ केल्या आणि बघणारे रडले. एका सरदाराचं तिच्यावर मन बसलं आणि तिचं लग्न झालं. फिरत्यांमध्येही बायका होत्याच: पॅरिसच्या गायक-वादकांनी १३२१ मध्ये आपल्या संघाचे नियम नोंदवले, त्यावर स्त्री-कलाकारांची नावं पुरुषांच्या जोडीला आहेत.

कागदीहोडी

एक बाजू राहून गेली आहे आणि ती बोलायलाच हवी. या नाटकांत ज्यूंचं चित्रण भयानक असायचं. पॅशन नाटकानंतर ज्यू वस्तीवर जमाव चालून गेल्याचं वाचलं आहे.

जुनी_पेटी

@कागदीहोडी, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी वर ज्याचा पुरावा म्हणून उल्लेख केला त्या क्रॉक्स्टनच्या नाटकाचा विषयच ज्यू व्यापारी पवित्र भाकरीचा छळ करतात हा खोटा आरोप आहे. अशा आरोपांवरून युरोपात खऱ्याखुऱ्या माणसांना जाळलं गेलं. विशेष म्हणजे इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच हाकललं होतं, तरी दोनशे वर्षांनी मंचावर त्यांचा द्वेष जिवंत होता. जर्मनीत फ्रायबुर्गच्या नगरसभेने १३३८ मध्ये ज्यूविरोधी प्रवेश करायला मनाई केली होती, म्हणजे धोका तेव्हाही कळत होता. रोममध्ये कोलोसियममधला पॅशन प्रयोग १५३९ मध्ये बंद करावा लागला, त्याचंही कारण ज्यूंवरचे हल्ले. खिळेवाल्यांच्या नाटकावर माझं प्रेम आहे, आणि त्याच परंपरेने हे विष पाजलं हेही खरं आहे. दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय या विषयाचा अभ्यास पुरा होत नाही असं मी मानते.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे गुड फ्रायडेला चर्चमध्ये क्रुसावरची मूर्ती खाली उतरवतात. मूर्तीचे हात खांद्यापाशी वळतात, त्यामुळे खिळे काढल्यावर ते खाली येतात आणि मग मूर्ती चादरीत घेऊन मिरवणूक निघते. लहानपणी मला ती खरीच वाटायची. याचा संबंध तुमच्या विषयाशी आहे का?

शिवाय फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचेच. क्रिस्तपुराण लिहिणारे.

जुनी_पेटी

@मांडवीकाठ, संबंध सरळ आहे. वळत्या हातांच्या अशा मूर्ती युरोपात चौदाव्या शतकापासून सापडतात, आणि गुड फ्रायडेला मूर्ती उतरवून कबरीत ठेवायची आणि ईस्टरला कबर रिकामी दाखवायची हा विधी त्याहून जुना. वर बार्किंगचा उल्लेख केला, तिथे उतरवलेल्या मूर्तीच्या जखमा द्राक्षारस आणि पाण्याने धूत असत. पोर्तुगीज धर्मगुरूंबरोबर ही रीत गोव्यात आली. तुम्ही लहानपणी पाहिलंत ते या नाटकाच्या अगदी मुळाजवळचं आहे.

स्टीफन्स १५७९च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले. त्याच वर्षी कॉव्हेंट्रीची नाटकं कायमची थांबली. ज्या पिढीने ही नाट्यचक्रं शेवटची पाहिली, त्या पिढीतला हा माणूस. प्रभाव शोधायचा मोह आवरून इतकंच म्हणते की सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची सगळी कथा लोकांच्या भाषेत, ऐकायला बसलेल्या समुदायासाठी सांगायची, हा विस्तार दोन्हीकडे आहे. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या. त्यातल्या मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या इथे बहुतेकांना पाठ असतील.

वाटसरू_पुणे

मग ही नाटकं बंद का पडली? लोकांना कंटाळा आला?

जुनी_पेटी

@वाटसरू_पुणे, नाही, लोकांना हवी होती. ती वरून बंद केली गेली. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या नव्या चर्चला माता मारियेची आणि पवित्र भाकरीची ही भक्ती जुन्या धर्माची खूण वाटू लागली. यॉर्कचा शेवटचा प्रयोग १५६९चा. चेस्टरमध्ये १५७५ मध्ये मनाई असून नाटकं झाली, म्हणून नगराध्यक्ष सर जॉन सॅव्हेज यांना राणीच्या मंत्रिमंडळापुढे जाब द्यावा लागला. यॉर्कच्या नागरिकांनी १५८०मध्ये पुन्हा मागणी केली, फळ मिळालं नाही. कॅथलिक देशातही संशय होताच: पॅरिसमध्ये पॅशन संघाला १४०२ मध्ये राजाने सनद दिली होती, पण १५४८ मध्ये तिथल्या न्यायसभेने त्याच संघाला धार्मिक विषय मंचावर आणायला बंदी केली. संघाने नुकतंच स्वतःचं नाट्यगृह बांधून घेतलं होतं.

फिरत्या नटांचं काय झालं, तर १५७२च्या इंग्लिश कायद्याने ज्यांच्या पाठीशी सरदार नाही असे नट भटके आणि भामटे ठरले. मग ते सरदारांच्या नावाने मंडळ्या करू लागले, आणि १५७६ मध्ये लंडनबाहेर जेम्स बरबेजने 'द थिएटर' उभं केलं. शेक्सपिअर तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि त्याच्या गावापासून कॉव्हेंट्री वीस मैलांवर. कॉव्हेंट्रीच्या एका नाटकात सूचना आहे की हेरोदाने (बायबलमधला बालहत्या करवणारा राजा) गाडीवर आणि रस्त्यातही थयथयाट करावा. हॅम्लेट नटांना ताकीद देतो की हेरोदावर ताण करू नका, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांना तो हेरोद ठाऊक होता.

निळी_शाई

यातलं आज कुठे बघायला मिळतं? यॉर्कखेरीज?

जुनी_पेटी

@निळी_शाई, मी असते तर स्पेनमधल्या एल्चेला गेले असते. सांता मारिया बसिलिकात दर वर्षी १४ आणि १५ ऑगस्टला माता मारियेच्या स्वर्गारोहणाचं नाटक होतं, सगळं गायलेलं, सगळं पुरुष आणि मुलांनी सादर केलेलं. घुमटातून डाळिंबासारखा एक गोल खाली येतो, वाटेत त्याच्या पाकळ्या उघडतात आणि आत देवदूत असतो. चर्चच्या आत नाटक करायला मनाई असताना पोप अर्बन आठवे यांनी १६३२ मध्ये एल्चेला खास परवानगी दिली, म्हणून ते टिकलं.

बव्हेरियातलं ओबरआमरगाऊ मध्ययुगीन नाही. १६३३च्या प्लेगमधला नवस, पहिला प्रयोग १६३४. तिथे दर दहा वर्षांनी होतं, मागचं साथीमुळे २०२० ऐवजी २०२२ मध्ये झालं, पुढचं २०३०ला आहे. भूमिका करायची तर त्या गावात जन्म हवा किंवा वीस वर्षांचं वास्तव्य. @कागदीहोडी यांनी मांडलेल्या मुद्द्यावर तिथे संहितेत गेल्या काही दशकांत मोठे बदल केले आहेत.

एल्चेला ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि गर्दीही. जाणार असाल तर राहायची सोय बरीच आधी करा.